काशीत ट्रॉली धरून

३ डिसेंबर

मटकी मागितली. मडकं मिळालं.

अगदी खरोखर. सिगऱ्याच्या मॉलमधल्या त्या सुपरमार्केटात कडधान्यांसमोर उभी राहून मी तिथल्या मुलीला विचारलं, "मटकी है क्या?" ती म्हणाली, "जी, ऊपर. बर्तन में." वर गेले. वरच्या माणसाने मातीचं मडकं काढलं, झाकणासकट. "पानी बहुत ठंडा रहता है, माताजी." डिसेंबरात, दोन स्वेटर घालून उभ्या असलेल्या बाईला हा थंड पाणी विकतोय.

बाबा, म्हणजे माझे सासरे, खाली ट्रॉलीला धरून उभे होते. त्यांना सांगितलं तर खदखदून हसले. "घ्यायचं होतंस. त्यातच मोड आणले असते."

मला हसू आलं नाही. पंचवीस वर्षं नाशिकला शाळेत गणित शिकवलं, आणि इथे येऊन सहा महिने झाले तरी उसळीपुरतं कडधान्य मागता येत नाही.

५ डिसेंबर

आज पाव. बाबांना पावभाजी हवी झाली. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "पाव दीजिए."

"किस चीज़ का?"

"पाव. खाने का पाव."

"वही तो पूछ रहे हैं, माताजी. पाव भर क्या दें?"

मागे रांग. मी हाताने चौकोन करून दाखवला. तिने बर्फी दाखवली. पाव किलो बर्फी घेऊन घरी आले. पावाची लादी तिच्या मागच्याच फळीवर होती. तिला 'बन' म्हणायचं असतं, हे मला कुणी सांगायचं?

माझे यजमान शरद म्हणाले, "बर्फी छान आहे."

८ डिसेंबर

बोलायला कुणी नाही म्हणून लिहितेय. शरद सकाळी बँकेत जातात ते संध्याकाळी पिळून निघाल्यासारखे परत येतात. जेवताना मोबाइल, मग झोप.

मेमध्ये मला म्हणाले, "बाबांना शेवटचे दिवस काशीत काढायचेत. ते तोंडाने म्हणणार नाहीत. तू विचारूही नकोस, त्यांना ओशाळल्यासारखं होईल. मी बदली मागून घेतलीय." बदलीबरोबर वरचं पदही मिळालं, तो योगायोग म्हणे. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाची इच्छा. नाही कसं म्हणणार? जूनमध्ये मी मुख्याध्यापिका होणार होते. वर्षभराची बिनपगारी रजा टाकली. खुर्चीवर दुसऱ्या बाई बसल्या, तात्पुरत्या.

आणि गंमत अशी, की नाशिकला आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. "गंगेवर जाऊन येते" असं म्हणत मी लहानाची मोठी झाले. म्हणजे गंगेवरून उठून गंगेवर आलो. बाबांना काय ते तिथल्या गंगेवर करता आलं नसतं?

बरं, शेवटचे दिवस म्हणावेत तर त्यांचं वजन वाढलंय.

१२ डिसेंबर

रोज चार वाजले की बाबा कानटोपी घालून दारात. "चल मृणाल, बाजारात." नाशिकला गुडघे दुखतात म्हणून खिडकीतून हलायचे नाहीत. इथे गल्ल्यांमधून गाई, मोटारसायकली, शेण, पायऱ्या. असल्या गल्लीत त्यांना चालणं शक्यच नाही. पण त्या सुपरमार्केटातली फरशी गुळगुळीत, आणि ट्रॉलीच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरलं की म्हातारा सुसाट सुटतो. तांदळापासून साबणापर्यंत, साबणापासून परत तांदळापर्यंत. मी मागून पिशवी घेऊन.

दारावरचे सुरक्षारक्षक पांडेजी त्यांचे दोस्त झालेत. "आइए बाबूजी, गाड़ी तैयार है," म्हणत चांगल्या चाकांची ट्रॉली त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवतात. दोघांच्या तिथे गप्पा. बाबांचं हिंदी आणि पांडेजींचं बनारसी, दोघांनाही एकमेकांचं अर्धंच कळत असणार. तरी संपत नाहीत.

काल ट्रॉलीत बाबांनी बिस्किटांचा पुडा टाकला. हाडाच्या आकाराची बिस्किटं. संध्याकाळी चहात बुडवून दोन खाल्ली. "नाचणीची दिसतात. जरा कडक आहेत." पुड्यावर कुत्र्याचं चित्र होतं. मी दाखवलं, तर चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाले, "मला वाटलं कंपनीची खूण असेल."

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. नोकरी सोडून मी हे करतेय. कुत्र्याची बिस्किटं माणसाच्या तोंडातून काढतेय.

१९ डिसेंबर

शेंगदाण्याचं तेल! इथे तेल म्हणजे मोहरीचं. मी आपली बाटल्या उलटसुलट करून मराठीत पुटपुटत होते. पुटपुटत कसली, चांगली मोठ्याने बोलत होते. "एवढं मोठं दुकान, आणि साधं तेल ठेवता येत नाही मेल्यांना."

मागून आवाज आला, "तुम्ही महाराष्ट्रातून आलात का हो?"

अन्नपूर्णाबाई. दुर्गाघाटावर राहतात. पेशव्यांच्या काळापासून घराणं इथेच. साठीच्या, बुटक्या, पायांत मोजे आणि त्यावर चप्पल. म्हणाल्या, "रागावू नका. इथे मूँगफलीचं तेल मागावं लागतं, आणि ते इथे मिळत नाही. विश्वेश्वरगंजला मिळतं. मटकी पण तिथेच. तिला मोठ म्हणायचं." मग माझा हात धरून म्हणाल्या, "घरी या ना. ठंडी किती पडलीय. थोडा नाश्ता करून जाल, नाहीतर मला बुरं वाटेल."

बुरं वाटेल!

२१ डिसेंबर

गेले दुर्गाघाटावर. रिक्षा चौकात सोडली, पुढे गल्लीगल्लीतून चालत. अन्नपूर्णाबाईंनी पोहे केले होते. म्हणजे त्या पोहे म्हणाल्या. पातळ, मऊ, तुपातले, हिरव्या वाटाण्याने भरलेले, वर गरम मसाला. चूडा-मटर. ना कांदा, ना शेंगदाणे, ना खोबरं.

"आवडले ना? मी जरा जास्तच मिर्च टाकली."

मी म्हटलं, "अन्नपूर्णाबाई, मिरची. मिर्च नव्हे. आणि हे पोहेही नव्हेत."

मला थांबायला हवं होतं. पण शिक्षिकेची सवय. बुरं, ठंडी, नाश्ता, सगळं एकेक करून सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग ताटली उचलत म्हणाल्या, "तुमची मराठी फारच सुंदर आहे हो. पण आल्यापासून तुम्ही ती भांडायलाच वापरताय. आमची अशी आहे, पण तिच्यात आम्ही अडीचशे वर्षं प्रेमानेही बोललोय."

रिक्षात बसेपर्यंत कान गरम होते. त्यांचाही राग आला. माझाही.

चूडा-मटर मात्र मी सगळा संपवला होता.

१४ जानेवारी

संक्रांत. इथे सणाचं नावच खिचडी. "माताजी, खिचड़ी मुबारक," काउंटरवरची मुलगी म्हणाली. मला वाटलं डाळ-तांदळाची काही योजना आहे.

बिल करताना तिने फोन नंबर विचारला. मी म्हटलं, "मेरे यजमान का नंबर लिखो." ती एकदम अदबीने उभी राहिली. "आप लोग पंडा हैं? किस घाट पर बैठते हैं?" इथे यजमान म्हणजे ज्याच्याकडून दक्षिणा घ्यायची तो! रांगेतल्या एका बाईंनी तर वडिलांच्या श्राद्धाचं काय पडेल तेही विचारलं. पहिल्यांदाच या दुकानात मला हसू फुटलं. बाबा तर ट्रॉलीवर डोकं टेकून हसत होते.

घरी आले तर शाळेतल्या मधुवंतीचा फोन. माझ्या जागी बसलेल्या बाई मुलाकडे पुण्याला चालल्या. संस्था फेब्रुवारीअखेर नवीन नाव ठरवणार. "अध्यक्ष तुझंच नाव घेतायत. येशील का? तुमचं तिकडचं काम कधी संपेल?"

आमचं इकडचं काम.

काय सांगणार होते मी? सासरे अजून...

हे मनात आलं आणि मी फोन ठेवून दिला. समोर ते तिळाचा लाडू दाताखाली धरून फोडायचा प्रयत्न करत होते. मला स्वतःची किळस आली. आणि त्या किळसेचाही राग आला. मी अशी नव्हते. मला असं कुणी केलं?

२३ जानेवारी

आज मी बाबांवर ओरडले. लोकांसमोर.

निमित्त लोणच्याचं. त्यांनी तीन बरण्या ट्रॉलीत ठेवल्या, मी दोन काढल्या, त्यांनी पुन्हा एक ठेवली. तेवढंच. मी म्हटलं, "हा खेळ आहे का? तुमच्यासाठी मी सगळं सोडून आलेय इथे. सगळं! आणि तुम्ही लोणची निवडताय."

माणसं वळून बघायला लागली. बाबांनी बरणी जागेवर ठेवली. रागावले नाहीत. तापातल्या मुलाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं, बरं. शांत हो. पाणी पितेस? इथे बस जरा."

ते 'शांत हो' मला सगळ्यात जास्त लागलं.

मी त्यांना बाकावर बसवून बिल करायला गेले. बाहेर पडताना पांडेजी माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बहूजी, अब तबीयत कैसी है? बाबूजी बहुत चिंता करते हैं. कहते हैं, बहू की सेहत के लिए ही तो घर छोड़कर यहाँ आए."

मला वाटलं, पुन्हा शब्दांचाच घोळ.

२४ जानेवारी

घोळ शब्दांचा नव्हता.

सकाळी शरद गेल्यावर बाबांसमोर चहा ठेवला आणि सरळ विचारलं, "बाबा, आपण काशीला का आलो?"

ते कपाकडे बघत राहिले. "शरदने सांगितलंय, तुझ्याशी हा विषय काढायचा नाही."

"मीच काढतेय."

मग बोलले. मेमध्येच शरदने त्यांना सांगितलं होतं: मृणालला शाळेचा ताण सोसत नाही, मन ठिकाणावर नसतं, डॉक्टर म्हणतात जागा बदला. म्हणून बदली मागून घेतोय. तुम्ही तिला काही विचारू नका, तिला लागेल.

"मला नाशिक सोडायचं नव्हतं ग," बाबा म्हणाले. "तुझ्या सासूबाई गेल्या त्या घरातच जावं असं वाटत होतं. पण तुझ्या जिवापुढे माझी खिडकी काय मोठी? म्हटलं, चला."

"आणि रोज चार वाजता बाजार?"

"शरद म्हणाला होता, तिला घरात बसू देऊ नका. मग मी तुला फिरवून आणत होतो."

ते मला फिरवत होते. मी त्यांना. त्या ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघं, एकमेकांवर उपकार करत.

मी म्हटलं, "बाबा, मी आजारी नव्हते. मला सांगितलं होतं, तुम्हाला इथे देह ठेवायचाय."

त्यांनी कप खाली ठेवला. "मला?"

मग म्हणाले, "म्हणून तू मला तुपाचं इतकं वाढत होतीस होय."

एरवी हसले असते. आज कप तसाच सोडून आपल्या खोलीत गेले.

२५ जानेवारी

काल संध्याकाळचं लिहितेय. काल हात चालला नसता.

शरद बूट काढत होता. मी विचारलं, "बाबांना तू काय सांगितलंस?"

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. मी त्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं, आईने शिकवून पाठवलं होतं. काल तोंडातून निघालं आणि परत आत गेलं नाही. आता या वहीतही जाणार नाही.

एक बूट हातातच राहिला. "कशाबद्दल?"

"माझ्या डोक्याबद्दल. बिघडलंय ना ते?"

तो खाली बसला. नाकारलं नाही, एवढं म्हणेन. म्हणाला, "प्रमोशन होतं. दोनदा सोडलं. एकदा तुझ्या शाळेसाठी, एकदा आईच्या आजारपणात. तिसऱ्यांदा सोडलं असतं तर निवृत्त होईपर्यंत त्याच खुर्चीत बसलो असतो. तू नाही म्हणाली असतीस. बाबा नाही म्हणाले असते."

"म्हटलं असतं. भांडले असते. दोन दिवस जेवले नसते. आणि मग कदाचित हो म्हटलं असतं. पण तू विचारलंस कधी?"

"भीती वाटली."

"मग मला वेडी ठरवलंस? आणि त्यांना मरायला टेकलेलं?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"तसंच होतं. तुला कळतंय का, मी आठ महिने तुझ्या वडिलांच्या मरणाची वाट बघितलीय? मी! ताटात वाढताना, औषध देताना. हे तू मला करायला लावलंस."

आतल्या खोलीतला टीव्ही कधीचा बंद झाला होता. बाबा सगळं ऐकत होते. ऐकू देत.

२६ जानेवारी

घरात तिघं. तिन्ही खोल्यांत एकेक.

२ फेब्रुवारी

अन्नपूर्णाबाईंकडे गेले. माफी मागायची होती, नीट जमली नाही. त्यांनी ती मागूही दिली नाही. सगळं सांगितलं. त्या वाटाणे सोलत ऐकत होत्या, मीही सोलायला घेतले.

मी म्हटलं, "मी जाते परत. आता तरी मला कुणी अडवणार नाही."

"जायचं तर जरूर जा," त्या म्हणाल्या. "तुमची शाळा आहे. फक्त नवरा बोलावायला येईल म्हणून जाऊ नका. तसं गेलेलं माणूस तिथे पोचत नाही, रस्त्यातच बसून राहतं."

एक चूक काढायची राहून गेली. 'जरूर' माझ्या आईच्याही तोंडी असायचं.

६ फेब्रुवारी

मधुवंतीला फोन केला. येते म्हणून सांगितलं. अध्यक्षांचाही फोन आला, "या, आम्ही वाटच बघतोय." किती दिवसांनी कुणी माझी वाट बघतंय.

शरदला रात्री जेवताना सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. तो म्हणाला, "मी बदली रद्द होते का बघू?" मी म्हटलं, "तुझं तू बघ. यावेळी माझं नाव सांगू नकोस." मान खाली घालून भाकरी मोडत राहिला. जरा वाईट वाटलं. जराच. माझ्या शाळेसाठी त्याने सोडलेलं पहिलं प्रमोशन मला आठवतं. पण तेव्हा त्याने मला विचारलं होतं, मी रडले होते, मग आम्ही ठरवलं होतं. दोघांनी. म्हणजे त्याला जमत होतं.

११ फेब्रुवारी

बाबांचे लोकरीचे कपडे धुऊन वाळवले. त्यांच्या गोळ्या एका डब्यात भरल्या. नाशिकच्या घरी बाई पाठवून खोली झाडून घेतली, खिडकीही पुसायला सांगितली. त्यांना म्हटलं, "तुम्हाला खालचा बर्थ मिळेल असं बघते."

"हं," म्हणाले. आणि चार वाजता कानटोपी घालून दारात उभे. आज मी गेले नाही. म्हटलं, आता कुणाला फिरवायचंय? तर एकटेच रिक्षा करून गेले आणि आले. येताना माझ्यासाठी पावाची लादी. "बन म्हणून मागितलं," म्हणाले, जरा ऐटीतच.

१६ फेब्रुवारी

तिकिटं काढायला बसले. बाबा शेजारी येऊन बसले. म्हणाले, "दोन नको काढूस."

"का? बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतं. म्हणूनच." मग माझ्याकडे न बघता, "तू आजारी नाहीस हे मला दसऱ्यालाच कळलं होतं, मृणाल. आजारी माणूस असं कडकडून भांडत नाही."

मला पहिल्यांदा नीट कळलंच नाही. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर परत जावं लागलं असतं. तिथे मी बसून असतो. इथे चालतो."

"आणि माझी शाळा?"

"ते मी मनात येऊ दिलं नाही."

तिकीट एकच काढलं. निघताना त्यांना नमस्कार करायचा की नाही, ते अजून ठरत नाही.